मोटरहोम, झड आणि काळी माती

ताई, तुमच्या प्रश्नातला बहुतेक मजकूर छताबद्दल आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नागपुरातून भाड्याची मोटरहोम घ्यायची, तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघं, दहा दिवसांत रामटेक, नवेगावबांध, हेमलकसा, ताडोबा, लोणार आणि चिखलदरा. छत गळलं तर काय, वरून ताडपत्री टाकावी का, कोणतं सीलंट सोबत ठेवावं, हे तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य: "रात्री काय, कडेला मोकळं शेत दिसलं की थांबू." छत गळलं तर गादी भिजेल. त्या शेवटच्या वाक्याने मात्र अख्खी सहल एखाद्या धुऱ्यावर अडकून पडू शकते. म्हणून सुरुवात तिथून करतो, छतावर येतोच.

मी कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या चाचणी प्लॉटांच्या नोंदी ठेवायचं काम करतो. पिकं खरिपाची, त्यामुळे जून ते ऑक्टोबर मी घरात कमी आणि लोकांच्या वावरात जास्त. लॉजच्या ओलसर चादरींना कंटाळून नऊ वर्षांपूर्वी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. लोकांच्या अशा गाड्या हिवाळ्यात फिरतात, माझी पावसाळ्यातच फिरते. तेव्हा खाली लिहितोय ते नऊ पावसाळ्यांचं आहे, पण एकाच गाडीचं आहे. तुमची गाडी लांब असेल, जड असेल, चेसिसवर फायबरचा डबा बसवलेली असेल तर काही गोष्टी बदलतील. जिथे बदलतील तिथे तसं सांगतो.

पहिली गोष्ट, विदर्भाचा पाऊस एक नाही. पश्चिमेला अकोला-बुलढाण्याकडे वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, पूर्वेला गडचिरोली-गोंदियाकडे जवळपास दुप्पट. गंमत अशी की पाऊस कमी असलेल्या भागातच गाडी जास्त फसते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती खोल आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. ऑगस्टमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली की वर छान पापडी धरते आणि खाली लोणी असतं. चाक फिरलं की टायरची नक्षी त्या लोण्याने भरते, मग तुमचा नवा कोरा टायरही गुळगुळीत पिंपासारखा जागच्या जागी फिरतो. पूर्वेकडे धानाच्या बांध्या, तलाव आणि मोठ्या नद्या. तिथे त्रास जमिनीपेक्षा पुलांचा. पश्चिमेत जमीन बघा, पूर्वेत पूल बघा, एवढं डोक्यात ठेवलंत तर माझं अर्धं उत्तर तुमच्याकडे आलं.

माझी फजिती सांगतो, म्हणजे कळेल. तिसरा पावसाळा होता, मूर्तिजापूर-दर्यापूर रस्त्याला संध्याकाळी सहाच्या सुमारास थांबलो. डांबरापासून वीसेक फुटांवर एक लालसर पट्टा होता, मुरूम दिसत होता, पलीकडे तुरीचं वावर. गाडी लावली, कुकर चढवला. बैल घेऊन चाललेले एक म्हातारे काकाजी थांबले.

"भाऊ, इथी काहून लावून राह्यले? रातच्यानं पानी आलं तं गाडी निघनार नाही."

मी म्हटलं, मुरूम आहे ना काकाजी. त्यांनी हातातल्या काठीचं टोक जमिनीत दाबलं. वीतभर सहज आत गेलं. "मुरूम वरतून टाकला हाय," म्हणाले आणि बैल हाकत निघून गेले. मी तरीही तिथेच राहिलो, कारण भात शिजत आला होता. दुसरं कारण आजही सांगता येत नाही.

दोनच्या सुमारास पाऊस सुरू झाला तो पहाटेपर्यंत. सकाळी गाडी डावीकडे इतकी कलली होती की पलंगावरून उतरताना मी चढ चढतोय असं वाटलं. मागचं डावं जोडचाक तुंब्यापर्यंत आत. घाबरून मी जे करायचं नाही तेच केलं, ॲक्सिलरेटर दाबला. चाकाने स्वतःसाठी आणखी खोल खड्डा खणला, दोन टायरांच्या मधली फट मातीने सिमेंटसारखी भरली आणि क्लच प्लेटचा जळका वास आत आला. सातला काकाजी परत आले. डोक्यावर तुराट्यांची मोळी, हातात विळा. काही बोलले नाहीत. विळ्याने जोडटायरांच्या मधली माती कोरून काढायला लागले, मी फावड्याने चाकापुढचा उतार कापला, तुराट्या आडव्या अंथरल्या. दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने, गाडी हातभर पुढे आली आणि पुन्हा बसली. शेवटी दुपारी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला दोर बंपरला बांधायला निघाला होता, तो मी चेसिसच्या हुकाला बांधायला लावला, कारण बंपर येतो आणि गाडी राहते हे मी दुसऱ्याच्या गाडीवर पाहिलं होतं. दीड दिवस गेला. काकाजींनी "म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही, चहा मात्र दोनदा मागितला.

तेव्हापासून माझी परीक्षा चपलेची आहे. थांबायच्या जागी आधी मी उतरतो, दहा पावलं चालतो. चप्पल जड झाली तर तिथे गाडी नाही. दिसायला जागा कितीही कोरडी असो. काठी किंवा टॉमी (चाक काढायची लोखंडी कांब) खुपसून बघा, बोटभराच्या वर गेली तर तोच निकाल. आणि हे उजेडातच करायचं. पावसाळ्यात रात्रीचा मुक्काम दुपारी चारला ठरतो, सहाला नाही. चारला तुम्ही ठरलेल्या ठिकाणाच्या अलीकडे असाल तर अलीकडेच थांबा.

मग थांबायचं कुठे? इथे पावसाळा उलट तुमच्या बाजूने आहे. कापसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर सुरू होतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये पश्चिम विदर्भातल्या जिनिंग फॅक्टऱ्या ओस असतात. ट्रक वळेल एवढं फाटक, पक्कं आवार, चौकीदार, पाण्याचा नळ. चौकीदाराला विचारा, तो मालकाला फोन लावतो, बहुतेक वेळा होकार येतो. काही ठिकाणी वजनकाटाही असतो, तिथे गाडी एकदा तोलून घ्या. चार माणसं, भरलेली टाकी आणि सामान मिळून कागदावरच्या वजनापेक्षा किती जास्त होतं ते बघून तुम्ही निम्मं सामान नागपूरला परत पाठवाल. पूर्वेकडे हेच काम राइस मिलचं आवार करतं, धान वाळवायला पक्कं अंगण असतं. तिसरी जागा मंगल कार्यालय. चातुर्मासात लग्नं जवळजवळ नसतात, आवार रिकामं, संडास-बाथरूम चांगले, सासूबाईंच्या दृष्टीने हे सगळ्यात बरं. पेट्रोल पंप हा शेवटचा उपाय. जागा पक्की असते, पण रात्रभर ट्रकचे दिवे आणि इंजिनं. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान मुरमाचं असलं तर चालतं, मुख्याध्यापक किंवा सरपंचांना विचारून. फक्त १४ ऑगस्टच्या रात्री मागू नका, सकाळी झेंडावंदन असतं आणि मुलं सहालाच येतात.

कुठे लावू नये तेही सांगतो. जुन्या चिंचेखाली, कडुनिंबाखाली नाही, ओल्या जमिनीत झाडं मुळासकट पडतात. विजेच्या तारेखाली नाही. नाल्याच्या काठावर नाही, मग तो नाला कोरडा का असेना. तलावाच्या पाळीखाली किंवा सांडव्याच्या वाटेत नाही. पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले, तलाव गावोगाव आहेत, त्यांच्याकाठी मुक्काम करायचा मोह होतो. पाळीवरून बघा, फोटो काढा, झोपायला गावात या. आणि शेतांमधल्या अरुंद पांदण रस्त्यात गाडी घालूच नका. आत जाताना जातं हो, वळवायला जागा नसते.

जमिनीचाच आणखी एक धडा चालत्या गाडीतला. हल्ली बरेच रस्ते सिमेंटचे झालेत, कडेला वीतभर उतार आणि त्यापलीकडे काळ्या मातीची साईडपट्टी. समोरून ट्रक आला की आपण सवयीने डावी चाकं खाली उतरवतो. छोटी कार परत वर येते. उंच, वर वजन असलेली मोटरहोम एका बाजूने त्या मऊ पट्टीत गेली की कलंडू शकते. थांबा, दिवा द्या, समोरच्याला जाऊ द्या. गरज पडली तर मागे घ्या. मागच्याला हॉर्न वाजवू द्या. शिवाय शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांची माती डांबरावर सांडलेली असते, पहिल्या सरीत तिचा साबण होतो. अशा पट्ट्यात ब्रेक नाही, गिअर उतरवायचा.

आता पूल. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबायचं, यात माझं काही "परिस्थितीवर अवलंबून" नाही. लोक म्हणतात, गाडी जड आहे, वाहून जायची नाही. जरा हिशेब करा. गाडीचा तळ पाच मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरला तर जवळपास नऊ चौरस मीटर. पाणी त्या तळाच्या वर फूटभर आलं आणि आत शिरलं नाही, तर ते सुमारे पावणेतीन टन वजन वर उचलतं. साडेतीन टनांची गाडी मग पाऊण टनाची उरते, टायरची पकड गेली, आणि बाजूने धार ढकलतेच आहे, तीही भिंतीसारख्या सपाट अंगावर. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात प्रवाशांसकट एसटी वाहून गेली. ती तर तुमच्या गाडीपेक्षा कितीतरी जड. आमच्याकडच्या जुन्या लोकांना ३० जुलै १९९१ चा, वर्धा नदीकाठच्या मोवाडचा पूर अजून तारखेसकट आठवतो.

छोट्या नाल्याचं पाणी दोन-चार तासांत उतरतं. तेवढा वेळ चहा, पत्ते, झोप. घर सोबतच आहे ना, मोटरहोमचा खरा फायदा हाच की तुम्हाला पोहोचायची घाई नसते. पण पुढची मोठी नदी भरून वाहत असेल तर नाल्याचं पाणी पुढे सरकतच नाही, फुगवटा धरतं आणि दोन दोन दिवस तसंच राहतं. हे कसं ओळखायचं? नाल्याचं पाणी धावताना दिसलं तर ते उतरणार आहे. गढूळ, स्थिर, काठाशी काडीकचरा गोल फिरताना दिसला तर मागे वळा. वैनगंगेच्या बाबतीत आणखी एक, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी तिला पूर येतो. ती मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते, तिकडे पाऊस झाला की पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडतात. एकूण ३३ दरवाजे आहेत. किती उघडले हे स्थानिक बातम्यांत रोज येतं, तेवढी बातमी सकाळच्या चहासोबत वाचत जा.

रेल्वेचे भुयारी मार्ग विसरू नका. फाटकं बंद करून जागोजागी ते केलेत, पावसाळ्यात बरेचसे तुंबतात आणि मॅप तुम्हाला बिनधास्त तिकडेच नेतो. पाणी नसलं तरी उंचीची अडचण आहेच. गाडी ताब्यात घेतल्यावर टेपने जमिनीपासून एसीच्या डोक्यापर्यंतची उंची मोजा आणि कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. मालक सांगेल त्या आकड्यावर जाऊ नका, वरचं सोलर पॅनल तो धरत नाही.

आता छत. ताडपत्री टाकू नका. चालत्या गाडीवर ती फडफडते, रंग घासते, दोर सुटला तर मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवावर येईल. उभ्या गाडीवर टाकली तर वरचे झरोके बंद होतात आणि आतली वाफ आतच राहते. त्यापेक्षा पैसे भरायच्या आधी मालकाला पाण्याची परीक्षा करून दाखवायला सांगा. रबरी नळी घ्यायची, धार जोराची नको, पावसासारखी. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. खालून सुरुवात करायची: आधी खिडक्या, मग दार, मग छताच्या कडा, सगळ्यात शेवटी वरचे झरोके आणि पॅनलचे पाय. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळीकडे एकदम पाणी जातं आणि गळतंय कुठून ते कळत नाही. कारण पाणी जिथे आत येतं तिथे ते दिसत नाही. माझ्या उशीवर दोन वर्षं थेंब पडायचा. मी उशीच्या वरचा सांधा तीनदा भरला. शेवटी कळलं की छिद्र सात फूट मागे, सोलरची वायर आत येते तिथल्या रबरी बुचाला होतं. पाणी पत्र्याच्या आतल्या पट्टीवरून चालत चालत उशीपर्यंत येत होतं. ड्रायव्हरच्या काचेखालची जाळीही बघा, तिथे पानं अडकली की पाणी डॅशबोर्डमागून पायाशी उतरतं आणि आपण छताला शिव्या देतो.

सीलंटबद्दल: भाड्याच्या गाडीला तुम्ही कायमचं काही लावू नका. स्वतःची गाडी असणाऱ्यांसाठी सांगतो, बाहेरच्या सांध्यांना सिलिकॉन नको. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी ते कडेने सुटतं, आणि एकदा लावलं की त्यावर रंग, दुसरं सीलंट, काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा, तेही जागा पूर्ण कोरडी करून. तुम्ही सोबत ठेवा ती ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली ब्यूटाइल टेप. पाऊस थांबला की जागा कापडाने कोरडी पुसून चिकटवायची, अंगठ्याने दाबायची, परत आल्यावर मालकाला दाखवायची.

गाडीला कापडी छत्री म्हणजे ऑनिंग असेल तर तिचा एक पाय नेहमी विसेक सेंटीमीटर खाली ठेवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सात-आठ चौरस मीटरच्या कापडावर वीस मिलिमीटरची सर साचली तर दीडशे लिटर झालं, कापडाला पोट सुटतं आणि दांडा वाकतो. झोपताना ती गुंडाळून ठेवायची, आभाळ चांदण्यांनी भरलेलं असलं तरी.

खरं सांगायचं तर मला गळतीपेक्षा आतल्या ओलीने जास्त छळलंय. चार माणसं बंद डब्यात झोपली की श्वास आणि घामातून रात्रभरात माणशी पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत जातं. गॅसवर स्वयंपाक केला तर एक किलो एलपीजी जळून दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ होते, पातेल्यातली वेगळीच. ती सगळी पत्र्याच्या थंड पट्टीवर आणि काचेवर जमते, आणि सकाळी तुम्ही म्हणता छत गळतंय. थेंब जर सगळ्या पट्टीभर सारखे असतील तर ती वाफ, एकाच ठिकाणाहून ओघळ असेल तर गळती.

यावर परदेशातले व्हिडिओ सांगतात, खिडकी उघडा. तिकडची थंड हवा कोरडी असते. आपल्याकडे झड लागलेली असताना बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली. खिडकी उघडून आतली ओल बाहेरच्या इतकी होते, त्याखाली जात नाही. तरी दोन झरोके समोरासमोर बोटभर उघडे ठेवाच. स्वयंपाक करताना तर नक्की, तिथे प्रश्न ओलीचा नाही, जिवाचा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून जमिनीलगतचं छिद्र पायपुसण्याने झाकू नका. सुकवायचं काम मी चालत्या गाडीच्या एसीवर सोपवतो. सकाळी निघालो की काचा बंद, एसी चालू, हवा फक्त आतलीच फिरवायची, अर्धा-पाऊण तास. एसी हवेतलं पाणी काढून खाली टपकवतो. ओले टॉवेल त्या वेळेत मागे टांगायचे. रात्री गादी थेट प्लायवर नको, खाली लाकडी पट्ट्या हव्यात, नाहीतर चौथ्या दिवशी गादीच्या पोटाला काळे ठिपके येतात. आणि दारात एक प्लास्टिकचं क्रेट ठेवा: चपला, छत्री, रेनकोट तिथेच. मुलगी पहिल्या दिवशी ऐकणार नाही, दुसऱ्या दिवशी ओल्या पलंगावर झोपली की ऐकेल. रात्री चपला बाहेर ठेवू नका. पावसाळा हा मण्यारचा आणि विंचवाचा काळ आहे.

विजेचं थोडक्यात. सोलरवर भरवसा ठेवू नका, झडीत ते उन्हाळ्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्यावर येतं. बारा व्होल्टचा फ्रिज दिवसाला साधारण चाळीस अँपिअर-तास खातो. गाडी चालताना बॅटरी चार्ज होते का हे मालकाला विचारा. होत असेल तर रोज दीड-दोन तासांच्या प्रवासात भागतं. बाहेरून लाइन घेताना मात्र सावध. जिनिंगच्या किंवा ढाब्याच्या प्लगला अर्थिंग आहे हे गृहीत धरू नका. ओली जमीन, अनवाणी माणूस आणि पत्र्याची बॉडी, शॉक बसायला एवढं पुरतं. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अंगातून किंवा जमिनीत गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच, आहे का बघा, त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. पडत नसेल तर बाहेरची लाइन घेऊच नका.

आभाळातली वीज हा विदर्भात हसण्यावारी न्यायचा विषय नाही. पत्र्याची बंद गाडी बऱ्यापैकी सुरक्षित, वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. फायबरच्या डब्याला हे लागू नाही. तुमची तशी असेल तर गडगडाटात पुढे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसा, तिला लोखंड असतं. ऑनिंगच्या दांड्याजवळ उभं राहू नका. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर घ्या, आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय अंदाजही रोज बघा. "जोरदार" म्हणजे २४ तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर, "अति जोरदार" म्हणजे ११५ च्या वर. दुसरा शब्द दिसला की त्या दिवशी माझी गाडी हलत नाही.

तुमच्या मार्गावर आता माझं मत. हेमलकसा या खेपेला सोडा. पर्लकोटा नदीला पूर आला की हेमलकशाजवळच्या भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि आलापल्लीपासून पुढे मध्ये मध्ये नाले आहेत. तुम्ही पोहोचाल, परत कधी याल ते सांगता येणार नाही. सासूबाईंची औषधं सोबत असताना हा जुगार नको. हिवाळ्यात या, रस्ताही सुंदर असतो. ताडोब्याचं कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, बफरमध्ये जायचं तर आधी चौकशी करून. हे दोन कमी केले की तुमचे दहा दिवस मोकळे होतात: रामटेकला एक, नवेगावबांधला दोन, मग परत नागपूर आणि समृद्धी महामार्गाने थेट पश्चिमेला. मेहकरला उतरून लोणार, तिथे दोन दिवस. लोणारचा खळगा बेसॉल्टमधला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा. काठ पावसात निसरडा असतो, सासूबाईंना वरूनच दाखवा. तिथून अकोल्यावरून परतवाडा आणि चिखलदरा. या टप्प्यात पूर्णेचं खोरं लागतं, तिथे मुख्य रस्ता सोडू नका. खारपाण पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी टाकीत भरू नका, चहासुद्धा बिघडतो, टाकी अकोल्यातच भरून घ्या. उरलेले दिवस झडीसाठी राखून ठेवा, ते लागतातच.

चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे, ऑगस्टमध्ये धुकं इतकं की समोरचं बोनेट दिसत नाही. घाट सकाळी दहानंतर चढा, दुपारी चारच्या आत उतरा, उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये. धुक्यात हेडलाइट खाली ठेवा, वर केली तर पांढरी भिंत दिसते.

गाडी ठरल्यावर तीन गोष्टी कळवा: मागे जोडचाक आहे की एकेरी, डबा पत्र्याचा की फायबरचा, आणि टेपने मोजलेली उंची. परतवाड्याकडून घाटाच्या वळणांवर लांब गाडी कशी घ्यायची ते त्यावरून सांगता येईल. तोपर्यंत मालकाकडून रबरी नळी लावून घ्या.